मत्स्यविनोद: राजाचा गळ आणि भोयाचा शब्द

मराठी वृत्तपत्राची कोणत्याही दिवसाची चार पाने चाळली, तरी मासेमारीतले दोन शब्द हमखास भेटतात. राजकारणाच्या पानावर एका पक्षाचे नेते दुसऱ्या पक्षाच्या 'गळाला लागलेले' असतात आणि गुन्हेवार्तांच्या पानावर कोणीतरी कोणाला नोकरीचे 'आमिष' दाखवलेले असते. या दोन्ही ठिकाणी पाणी नाही, मासा नाही आणि गळ टाकून बसलेला माणूसही नाही. 'आमिष' या शब्दाचा प्रवास तर विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. 'निरामिष' या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. गळाला लावायचा मांसाचा तुकडा म्हणून तो मासेमारीत आला आणि तिथून लाक्षणिक अर्थाने मोहाच्या प्रांतात गेला. आज मराठीत मांस हा त्याचा अर्थ कोणाच्या ध्यानीही येत नाही. 'गळ' या शब्दाचेही असेच. 'तो गळ' म्हणजे मासे पकडण्याचा आकडा आणि 'ती गळ' म्हणजे आग्रहाची विनवणी. लिंग बदलले की आपण पाण्यातून थेट माणसांच्या बैठकीत येतो.

तिसरा शब्द 'विनोद'. आज त्याचा अर्थ हसू आणणारे बोलणे एवढाच उरला आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांत मात्र विनोद म्हणजे मन रमवण्याचा उद्योग, करमणूक. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच भूभागावर राज्य करणाऱ्या एका राजाने 'मत्स्यविनोद' या नावाचे प्रकरण लिहिले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर माशांवरचे चुटके नव्हते. पाण्याकाठी बसून गळाने मासा धरणे, त्यासाठी लागणारे ज्ञान आणि त्यातून मिळणारा आनंद हा त्या प्रकरणाचा विषय होता. शनिवार-रविवारची सुटी तळ्याकाठी गळ टाकून घालवणे ही साहेबाने आणलेली चैन आहे, असा आपल्याकडे एक सार्वत्रिक समज आहे. तो तपासून पाहावा आणि तपासताना या करमणुकीचा इतिहास कोणी लिहिला व कोणाचा लिहायचा राहिला, याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विचार नांदगाव खंडेश्वरसारख्या ठिकाणी राहून करणे काहीसे विचित्र वाटेल. हा तालुका कापूस, तूर आणि सोयाबीनचा. येथील काळ्या जमिनीत पाणी मुरते, भेगाळते आणि उन्हाळ्यात नाहीसे होते. तालुक्यातले पाणी बेंबळेच्या वाटेने वर्धा नदीला आणि पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. कोकणाप्रमाणे येथे मासा हा रोजच्या ताटातला विषय नाही आणि पूर्व विदर्भाप्रमाणे गावागणिक तलावही नाहीत. परंतु इतिहासाच्या दृष्टीने हे गाव जुन्या वाटेवरचे आहे. येथील खंडेश्वराच्या मंदिरात यादव राजा कृष्ण याच्या कारकिर्दीतील शके ११७७ चा शिलालेख आहे. यादवांच्या आधी या प्रदेशावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता पोचली होती. नागपूरच्या सीताबर्डीचा शके १००८ चा लेख चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या काळातला आहे आणि त्यात गुरांच्या चराईसाठी दिलेल्या जमिनीची नोंद आहे. या विक्रमादित्याचा मुलगा म्हणजे भूलोकमल्ल सोमेश्वर तिसरा. मत्स्यविनोद लिहिणारा राजा तो हाच. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. या राजाने वऱ्हाडातल्या एखाद्या डोहात गळ टाकला असे म्हणण्याला काहीही आधार नाही. मात्र ज्या राजसत्तेच्या छायेत वऱ्हाड होते, त्याच सत्तेच्या दरबारात हा ग्रंथ सिद्ध झाला, एवढे निश्चित म्हणता येते.

सोमेश्वराचा 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणी' हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. त्यात शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९, या वर्षाचा उल्लेख असल्यामुळे त्याचा काळ ठरवता येतो. वीस-वीस प्रकरणांच्या पाच विंशती अशी त्याची शंभर प्रकरणांची रचना आहे. राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे येथपासून स्वयंपाक, अत्तरे, हत्तींची परीक्षा, कुस्ती, चित्रकला, नृत्य अशा राजजीवनाच्या सर्व अंगांचा त्यात समावेश आहे. मराठी वाङ्मयेतिहासात हा ग्रंथ येतो तो दोन कारणांनी. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद त्यात आहे आणि गीतांच्या प्रकरणात उदाहरणादाखल दिलेल्या देशी भाषांतील रचनांमध्ये मराठीच्या अगदी प्रारंभीच्या रूपातील काही ओळी आहेत. प्रत्येक एम.ए.च्या विद्यार्थ्याने हे परीक्षेच्या उत्तरात कधी ना कधी लिहिलेले असते.

ज्या चौथ्या विंशतीत हा गीतविनोद आहे, तिच्यातच मत्स्यविनोद आहे. या दोन प्रकरणांच्या मध्ये मृगयेचे एकच प्रकरण आहे. म्हणजे मराठीच्या आद्य नमुन्यांपासून काही पाने मागे उलटली की आपण पाण्याच्या काठावर पोचतो. शिवाय गीतविनोदातली ती मराठी रचना दशावतारांची आहे आणि अवतारांच्या क्रमानुसार ती सुरू होते मत्स्यापासून. माशाचे रूप घेऊन रसातळातून वेद वर आणणाऱ्या नारायणाचे ते स्तवन आहे. एकाच ग्रंथात, एकाच विंशतीत, मासा एकदा राजाच्या गळाला लागतो आणि एकदा देवाचे रूप घेऊन मराठीत प्रवेश करतो. हा योगायोग असेल. पण मराठीच्या अभ्यासकाने गीतविनोदापाशी थांबावे आणि मत्स्यशास्त्रज्ञाने मत्स्यविनोदापाशी, ही मात्र आपल्या ज्ञानशाखांनी केलेली वाटणी आहे.

मत्स्यविनोदात काय आहे? प्रथम माशांचे वर्गीकरण आहे. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम व लहान असे भेद करून तीसहून अधिक जातींच्या माशांची नावे आणि वस्तीच्या जागा दिल्या आहेत. नंतर येते ती माशांना खाऊ घालण्याची चर्चा. कोणत्या माशाला कोणते खाद्य रुचते, पिठाचे वा मांसाचे गोळे कसे करावे आणि ठरलेल्या जागी ते टाकून माशांना तेथे येण्याची सवय कशी लावावी, हे राजा सांगतो. मग गळाचा आकडा, दोरी, काठी आणि प्रत्यक्ष मासा धरण्याची कृती. आधी चारा टाकून मासा जागेवर आणणे आणि त्याच्या सवयीनुसार आमिष निवडणे, ही तत्त्वे आजच्या कोणत्याही हौशी मासेमाराला तत्काळ ओळखता येतील.

या प्रकरणाचे ऐतिहासिक महत्त्व ध्यानात येण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरील पहिला छापील ग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे, तो ज्युलियाना बर्नर्स या स्त्रीच्या नावावर चालत आलेला निबंध १४९६ मध्ये प्रसिद्ध झाला. आयझॅक वॉल्टनचा 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ चा. अमेरिकेत तळ्यांतल्या आणि नद्यांतल्या स्मॉलमाउथ बास या माशाला हौशी मासेमारांचा मानाचा मासा करण्यात ज्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे, ते जेम्स हेन्शॉलचे ब्लॅक बासवरील पुस्तक १८८१ चे. सोमेश्वराचे प्रकरण या सर्वांच्या कितीतरी आधीचे. बर्नर्सच्या निबंधाहूनही ते साडेतीनशे वर्षांनी जुने आहे. आपलेच पहिले, असा डंका पिटण्यासाठी ही तुलना केलेली नाही. इंग्रजीत त्या पहिल्या पुस्तकानंतर वाचकांची आणि लेखकांची परंपरा निर्माण झाली, आपल्याकडे मत्स्यविनोदानंतर ती झाली नाही, हा फरक दाखवण्यासाठी ती केली आहे. मानसोल्लासाची संपादित आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी सिद्ध केली. तिचा पहिला खंड १९२५ मध्ये आला, दुसरा १९३९ मध्ये आणि तिसरा १९६१ मध्ये. मत्स्यविनोदाकडे शास्त्राच्या अंगाने लक्ष वेधले ते प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी, १९५१ मध्ये. पुढे नलिनी साधले आणि य. ल. नेने यांनी २००५ मध्ये त्यातील मत्स्यविषयक भागाचा अभ्यास इंग्रजीत मांडला.

आता एक प्रश्न विचारला पाहिजे. राजाला हे कोणी शिकवले? कोणता मासा कोणत्या तळाशी राहतो, कोणाला पीठ आवडते आणि कोणाला मांस, कोणती दोरी कोणत्या वजनाला टिकते, हे ज्ञान सिंहासनावर बसून मिळत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसांचे ज्ञान आहे. सोमेश्वराने ते गोळा केले, संस्कृतात श्लोकबद्ध केले आणि राजाची करमणूक म्हणून सादर केले. या अनुमानाला ग्रंथाबाहेरचा पुरावा नाही, पण ग्रंथाचे स्वरूपच ते सुचवते. कांडणाऱ्या स्त्रियांच्या ओवीची नोंद घेताना राजाने निदान 'महाराष्ट्रातील स्त्रिया' एवढे तरी म्हटले. मासेमाराच्या वाट्याला तेवढाही उल्लेख आला नाही. ओवी गाणारीचे ऋण मराठीने पुढे मान्य केले, गळ टाकणाऱ्याचे केले नाही.

यादवकाळात मराठी ग्रंथरचना सुरू झाली तेव्हा ती राजाच्या बाजूने पाण्याकडे पाहत नव्हती. अमरावती जिल्ह्यातच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. गोविंदप्रभूंचे हे स्थान म्हणजे महानुभाव वाङ्मयाची एक जन्मभूमी. लीळाचरित्रात पारध्यांच्या तावडीतून सुटून आलेल्या सशाला चक्रधरांनी आश्रय दिल्याची लीळा प्रसिद्ध आहे. मृगयेला विनोद मानणाऱ्या दरबारी दृष्टीच्या अगदी उलट टोकाला ही दृष्टी उभी आहे. येथे कथेचे केंद्र शिकारी नाही, सावज आहे.

वारकरी परंपरेत हाच दृष्टिकोन माशाच्या बाबतीत दिसतो. एकनाथी भागवत १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण झाले. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंच्या वर्णनात मासा हा एक गुरू आहे. जिभेच्या लोभाने तो गळाला लागतो, म्हणून रसनेवर विजय मिळवल्याखेरीज इंद्रियजय पूर्ण होत नाही, हा त्याचा धडा. नाथांनी तो मराठीत विस्ताराने उलगडला. आमिष हा शब्द मराठी मनात मोहाशी कायमचा जोडला गेला, त्यात अशा निरूपणांचा वाटा मोठा असला पाहिजे. तुकोबांच्या अभंगांत मासोळी पाण्यावाचून तळमळते ती विरहाच्या अर्थाने आणि पाण्यातला मासा कसा झोपतो हे कळायला त्याच्याच कुळात जन्म घ्यावा लागतो, हा त्यांचा दाखला तर आता म्हणीसारखा वापरला जातो.

पण या चोवीस गुरूंच्या यादीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तीत बाण करणारा कारागीर आहे. बाण सरळ करण्यात तो इतका गढून गेलेला असतो की शेजारून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली तरी त्याला कळत नाही. एकाग्रतेचा गुरू म्हणून अवधूत त्याचा स्वीकार करतो. तळ्याकाठी तरंगावर नजर लावून बसलेल्या गळवाल्याची एकाग्रता याहून कमी नसते. तथापि मासा गुरू झाला, बाण करणारा गुरू झाला, मध गोळा करणाराही झाला, गळ धरणारा मात्र झाला नाही. बाण करणाऱ्याचा बाणही कोणाचा तरी जीव घेतोच. तेव्हा हिंसा हे एकच कारण देऊन या वगळण्याचे समाधान होत नाही. राजाने मासेमाराचे ज्ञान घेतले, संतांनी माशाचे दुःख घेतले आणि दोघांच्या मधला काठावरचा माणूस दोन्हीकडे अनामिक राहिला.

त्याचा आवाज प्रथम कागदावर उमटला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई इलाख्याच्या सैन्यातला अधिकारी. दख्खनच्या सांख्यिकी पाहणीच्या कामावर असताना त्याने पशुपक्ष्यांबरोबर नद्यांतल्या माशांचेही नमुने जमवले आणि त्यांची वर्णने १८३९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. नव्या जातींना शास्त्रीय नावे देताना त्याने बऱ्याच ठिकाणी एक सोपा मार्ग पत्करला. मासे धरणाऱ्यांनी सांगितलेले मराठी नावच त्याने लॅटिन नावाच्या दुसऱ्या पदात बसवले. दख्खनच्या महसीर माशाचे आजचे शास्त्रीय नाव 'टोर खुद्री' आहे. शिंगाळ्याचे नाव 'स्पेराटा सिंघाला'. दगडांना चिकटून राहणाऱ्या मळ्या माशाचे 'गारा मुल्या'. 'कोलस', 'बोग्गट', 'फुलुंगी' ही नावेही त्याच कुळातली. या नावांपुढे साइक्सचे नाव आणि १८३९ हे साल लिहिले जाते. मुळा-मुठेच्या वा भीमेच्या काठी ती नावे ज्याने उच्चारली, त्याचे नाव कोठे नाही. परंतु त्याचा उच्चार, साहेबाच्या कानाने थोडा वाकवलेला, जगभरच्या प्राणिशास्त्रात कायम झाला. मराठीतील कोणत्या बोलीतले किती शब्द आंतरराष्ट्रीय शास्त्रीय नामावलीत आहेत, याचा शोध घेण्याजोगा आहे. तो घेतला तर त्या यादीत विद्वानांच्या शब्दांहून भोयांचे शब्द अधिक निघतील, असा आमचा अंदाज आहे.

साहेबाची हौस मागाहून आली. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळूर येथे छापले गेले. गळाने मासे धरणाऱ्या इंग्रजांसाठी लिहिलेल्या या पुस्तकाने महसीरला हिंदुस्थानातला पहिल्या प्रतीचा मासा ठरवले. सोमेश्वराच्या प्रकरणाची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते, कारण त्याची संपादित आवृत्ती निघायला अजून पन्नास वर्षे होती. तरीही दोघांची दृष्टी एकच आहे. दोघांनाही मासा पोटासाठी नको होता. दोघांनीही काठावरच्या माणसाचे ज्ञान वापरले. फरक असा की इंग्रजाच्या पुस्तकात हा माणूस निदान नोकर वा वाटाड्या म्हणून वावरतो.

वऱ्हाडाच्या बाबतीत या माणसाची नोंद झाली ती जातींच्या कोशात. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ चा. त्यात ढीमर, कहार, भोई यांची माहिती एकत्र येते. मासे धरणे, पालखी वाहणे, पाणी भरणे, शिंगाड्याची लागवड करणे ही त्यांची कामे तपशिलाने दिली आहेत. येथे भोई आहे, पण तो वर्ण्य विषय म्हणून. तो काय करतो हे कळते. पाण्याकडे पाहताना तो काय पाहतो, हे कळत नाही. साइक्सची यादी भीमेच्या खोऱ्यातली. वऱ्हाडचे पाणी तिच्यात नाही.

विसाव्या शतकात पाण्याचीच स्थिती बदलली. यात नांदगाव खंडेश्वर तालुक्याचा एक धागा आहे. तालुक्यातील पापळ हे डॉ. पंजाबराव देशमुखांचे जन्मगाव. १९५२ ते १९६२ या दशकात केंद्र शासनात कृषी खात्याची धुरा त्यांच्याकडे होती. मत्स्यव्यवसाय तेव्हा कृषीच्याच कक्षेत येत असे. याच दशकात १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. तोवर रोहू, कतला, मृगळ यांचे बीज नद्यांतूनच गोळा करावे लागत असे. आता ते टाकीत तयार होऊ लागले. मुंबईला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. आफ्रिकेतली तिलापिया १९५२ मध्येच देशात आली होती. रुपेरी कार्प आणि गवत्या कार्प १९५९ मध्ये आले. पुढे धरणे झाली, पाझर तलाव झाले. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण उभे राहिले. जेथे पाणी नव्हते तेथे पाणी आले आणि त्यात मासा सोडण्यात आला. या बदलाने अनेक कुटुंबांना रोजगार मिळाला, स्वस्त प्रथिने मिळाली. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

मात्र बीजाबरोबर नावेही आली. रोहू, कतला, मृगळ ही गंगेच्या खोऱ्यातली नावे. 'सायप्रिनस' हे तर शास्त्रीय नावच जसेच्या तसे बाजारात आले. तिलापियाची 'चिलापी' झाली. मराठी नावाची गोष्ट उलट दिशेनेही घडली. टाटा कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० नंतरच्या काळात महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले आणि खुद्रीची पिल्ले देशात अनेक ठिकाणी पाठवली. घटत चाललेल्या माशाला वाचवण्याचा हा उद्योग निःसंशय मोलाचा होता. पण ही पिल्ले कावेरीतही पोचली. तेथे गळाच्या हौशी मासेमारांचे आकर्षण असलेला कुबड्या महसीर हा कावेरीचा स्वतःचा मासा होता. तो हळूहळू दिसेनासा झाला आणि त्याची जागा खुद्रीने घेतली. कुबड्या महसीरला 'टोर रेमादेवी' हे शास्त्रीय नाव निश्चित झाले आणि तो अतिसंकटग्रस्त असल्याची नोंद झाली, ती दोन्ही २०१८ मध्ये. एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात सोडला की काय होते, याचा हा धडा आहे. शब्दांचेही बहुधा असेच होते.

आता आजचा काठ पाहू. आमच्या भागातल्या कोणत्याही पाझर तलावावर शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर पोरे दिसतात. रविवारी त्यांत मोठ्यांची भर पडते. बांबूची काठी, तंगूस, आकडा, तरंगाला धांड्याचा तुकडा किंवा मोरपिसाचा देठ. आमिष म्हणून गांडूळ, त्याला कोठे केचवा म्हणतात तर कोठे शिदोड. नाहीतर कणकेची गोळी. कधी कोणी तालुक्याच्या गावातून आणलेली चक्रीची काठी घेऊन येतो. तलाव बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, त्यामुळे गळवाल्याचा आणि ठेकेदाराचा लपंडाव चालतो. तलावात सोडलेला मासा ठेक्याचा, हे सर्वांना मान्य असते. वाद असतो तो मरळीचा, शिंगाड्याचा, बामीचा. कोणी न सोडलेला, पुराबरोबर आपोआप आलेला मासा कोणाचा? कायद्याचे उत्तर ठेक्याच्या करारात असेल. तथापि काठावरचा माणूस हा भेद नावांवरूनच करतो. सोडलेल्या माशाला एक नाव आणि आपल्या पाण्याच्या माशाला दुसरे, अधिक जवळचे नाव. त्याच्या हक्काची भाषा त्याच्या शब्दसंग्रहात आहे.

हा शब्दसंग्रह वेगाने आटतो आहे. तो केवळ माशांच्या नावांपुरता नाही. डोहाच्या खोलीचे शब्द, पाण्याच्या रंगाचे शब्द, तरंग किती वेळा व कसा बुडला यावरून मासा ओळखण्याचे शब्द, जाळ्याच्या आणि काठीच्या भागांचे शब्द, मृगाच्या पहिल्या पुरात चढणाऱ्या माशाचे शब्द. पूर्व विदर्भात भंडारा-गोंदियाकडे ढीवर समाजाने जुन्या मालगुजारी तलावांत स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि त्याबरोबर स्थानिक मासे परत आले. त्या कामात त्या समाजाला उपयोगी पडले ते आपल्या जुन्या जाणत्यांचे ज्ञान. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या कामाची, हे त्यांना ठाऊक होते, कारण त्या वनस्पतींना त्यांच्या बोलीत नावे होती. नाव नसते तर आठवणही नसती आणि आठवण नसती तर ते पुन्हा लावायचे काय, हेच कळले नसते. बोलीतला शब्द म्हणजे केवळ भाषेचा अलंकार नसतो, ती वापरता येण्याजोगी माहिती असते, याचा एवढा रोकडा दाखला दुसरा मिळणार नाही.

वऱ्हाडी बोलीचा अभ्यास आपल्याकडे बराच झाला आहे. परंतु त्याचा रोख मुख्यतः शेतीच्या, घराच्या आणि लोकगीतांच्या शब्दांवर राहिला. ते स्वाभाविक आहे, कारण अभ्यासकही बहुतेक शेतकरी कुटुंबांतलेच. पाण्याचे शब्द ज्यांच्याकडे होते त्यांची मुले मराठीच्या एम.ए.च्या वर्गात उशिरा आली. आता ती येत आहेत. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. लीळाचरित्राच्या भूमीत उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाने हस्तलिखितांबरोबर हे न लिहिलेले धनही आपल्या कक्षेत घ्यावे, अशी अपेक्षा गैर ठरू नये.

त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचेही कारण नाही. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थ्याने एक तलाव घ्यावा. तेथील साठीच्या पुढच्या भोई स्त्री-पुरुषांना भेटावे. स्त्रियांना आवर्जून भेटावे, कारण मासा निवडणे, वाळवणे आणि विकणे त्यांच्याकडे असते आणि नावांची खरी पारख बाजारात होते. प्रत्येक माशाचे नाव, त्याची लहानपणची व मोठेपणची वेगळी नावे असल्यास ती, त्याचे आमिष, त्याचा हंगाम आणि तो शेवटचा कधी दिसला, एवढे पाच रकाने भरावेत. शब्द सांगणाऱ्याला विचारून, त्याची संमती असेल तर, त्याचे नाव शब्दापुढे लिहावे. सोमेश्वराने ते लिहिले नाही, साइक्सने लिहिले नाही. आपल्याला ते लिहिता येईल.